पिल्लाचे सांधे

टाकीचं झाकण उचललं आणि कळलं की आता ओरडून काही उपयोग नाही. तरीही मी ओरडले.

शुक्रवारी संध्याकाळी मी या टाकीत जिराफाचं एक अख्खं पिल्लू कोमट पाण्यात ठेवून गेले होते. मांस काढलेलं, पण सांध्याला सांधा धरून असलेलं. मध्ये लागून सुट्ट्या आल्या. सोमवारी सकाळी पाण्यावर पिवळी साय धरली होती, वास पार चाऱ्याच्या कोठारापर्यंत गेला होता, आणि मी झारा घालून वर काढला तो मागचा पाय नव्हता, पायाचे तुकडे होते. मांडीच्या हाडाचा दांडा वेगळा, त्याचं वरचं गोल डोकं वेगळं, खालची टोपी वेगळी. बाकी सगळा सुताराच्या भांड्यातला सरस. बोटांना लागला तर बोटंच एकमेकांना चिकटायला लागली. हीटरचं बटण मी जिथे ठेवलं होतं तिथून पार शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

"बाई, ते मीच वाढवलं," मागून आवाज आला. "काल येऊन हात घालून बघितला तर पाणी नुसतं कोमट. म्हटलं, हीटर बिघडलेला दिसतोय. तुम्ही येईपर्यंत काम अडायला नको."

दारात शिडीभाऊ उभे होते. आमच्या प्राणिसंग्रहालयात जिराफांचं सगळं तेच बघतात. जिराफांची गव्हाण उंचावर बांधलेली, तिथे चारा टाकायचा तर शिडी लागते, म्हणून यांच्या खांद्यावर कायम शिडी. अख्ख्या संग्रहालयात जो माणूस ताडमाड उंच, ज्याला शिडीची गरज सगळ्यांत कमी, नेमका तोच ती घेऊन फिरतो. त्यावरून हे नाव पडलं. चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नव्हता. उलट आपण वेळेवर लक्ष घातलं म्हणून काम मार्गी लागलं, असाच भाव होता.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. चाऱ्याच्या कोठारातले लोक बाहेर येऊन उभे राहिले होते एवढं सांगते.

मी प्राण्यांचे सांगाडे करते. लोकांना वाटतं सांगाडा म्हणजे हाडं. सांगाडा म्हणजे हाडं आणि कूर्चा. आपल्या कानाची पाळी दुमडून बघा, नाकाचा शेंडा दाबून बघा, ती कूर्चा. हाडावर हाड घासू नये म्हणून सांध्यात तिचाच गुळगुळीत थर असतो, फासळ्या छातीच्या हाडाला मिळतात तिथेही तीच. शार्कच्या अंगात तर हाड औषधालाही नसतं, सगळा कारभार कूर्चेवर. आणि लहान जनावराचं विचारूच नका. त्याचं हाड अजून एकसंध झालेलंच नसतं. दांडा वेगळा, टोकं वेगळी, मध्ये कूर्चेची चकती, आणि त्या चकतीपाशीच ते हाड वाढत असतं. मोठ्या जनावरापेक्षा पिल्लाच्या अंगात हाडांचे तुकडे जास्त असतात, हे सांगितलं की लोक मी त्यांना बनवत असल्यासारखे बघतात. म्हातारं जनावर उकळलं तर सांगाडा मिळतो. पिल्लू उकळलं तर कोडं मिळतं.

म्हणून पिल्लाला कोमट पाणी. त्यात मांसाचे उरलेसुरले धागे सुटतात, पण कूर्चा आणि सांधे बांधणाऱ्या पट्ट्या शाबूत राहतात. योग्य वेळी बाहेर काढायचं, हव्या त्या स्थितीत बांधायचं आणि सावकाश वाळवायचं. यात सगळी हुशारी वाट बघण्याची असते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे बाशिंग बांधायला गुडघाच उरला नव्हता.

पण माझा राग फक्त वाया गेलेल्या कामाचा नव्हता, आणि ते शिडीभाऊंना अजून कळलं नव्हतं.

जिराफाचं पिल्लू जन्मतं तेच उंचावरून धपकन खाली पडून. आणि थोड्या वेळात ते उभं राहतं. राहावंच लागतं, कारण दूध वर असतं. हे पिल्लू, मादी होती ती, उभं राहिलं नाही. शिडीभाऊ त्याच्यापाशीच राहायला गेले. छताच्या तुळईवरून पट्टे सोडून त्याला अधांतरी उभं केलं, बाटलीने दूध पाजलं, पाय चोळले. घरून डबा यायचा तो तसाच परत जायचा. काही दिवसांनी पट्ट्यांखाली कातडी सोलवटली, जखमा चिघळल्या. मग डॉक्टर त्यांना म्हणाले, तुम्ही रात्रंदिवस तिच्यापाशी आहात, तुम्हीच सांगा, थांबायचं की सोडवायचं. शिडीभाऊंनी सोडवा म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.

नंतर डॉक्टरांनी पिल्लाचं पोट उघडून बघितलं, छाती उघडून बघितली. दोन्हीकडे सगळं ठीक होतं. पाय मात्र त्यांनी उघडले नाहीत. सांगाडा करायचा असं वरून आधीच ठरलं होतं, आणि सांधे कापलेला पाय माझ्या कामाचा नसतो. त्यामुळे पिल्लू का उठलं नाही हे कळायचं राहिलंच. गाडीवर घालून ते माझ्याकडे आणलं ते शिडीभाऊंनीच, आणि गाडी रिकामी झाल्यावरही ते हलेनात.

"बाई, सांध्यांत काही दोष होता का बघाल?" त्यांनी विचारलं होतं. "म्हणजे आणखी दोन दिवस थांबलो असतो, तर उठली असती का?"

मी सांगितलं होतं, बघते. त्यात अवघड काही नव्हतं. सोमवारी सांध्यांवरचं वेष्टण मऊ पडलं असतं, ते अलगद उघडलं असतं, आणि आतल्या कूर्चेने सगळं सांगितलं असतं. ती गुळगुळीत आहे की खरवडल्यासारखी, खुब्याची वाटी खोल आहे की जन्मतःच सपाट. सपाट असती तर हे पिल्लू दोन दिवस काय, दोन महिने थांबूनही उठलं नसतं, आणि या माणसाला रात्री झोप लागली असती. आता ती कूर्चा टाकीत तवंग होऊन तरंगत होती. हाडांची नुसती टोकं मी भिंगाखाली धरून बघितली, पुन्हा पुन्हा बघितली. त्यांवरून कळण्यासारखं काही नव्हतं.

त्यात साहेब आले. साहेब म्हणजे आमचे संचालक. नवं दालन उघडायचं होतं आणि दारातच, स्वागताला, जिराफाचं पिल्लू मान उंचावून उभं आहे असं चित्र त्यांनी आधीच कागदावर छापून सगळीकडे लावून टाकलं होतं. मी टाकी दाखवली. नाकाला रुमाल लावून त्यांनी आत डोकावलं आणि म्हणाले, मग आता चिकटवा की. मी सांगितलं की चिकटवणं हा एक भाग झाला, पण हे पिल्लू आयुष्यात कधी उभं राहिलेलं नाही, ते मी उभं दाखवणार नाही. साहेब म्हणाले, बघायला येणाऱ्यांना काय कळतंय. मी म्हटलं, मला कळतंय. त्यावर त्यांनी दालन उघडायची तारीख पुन्हा एकदा सांगितली, जणू मी तारखेबद्दलच विचारलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

जाता जाता त्यांनी शिडीभाऊंना विचारलं, तुमचं काय मत. शिडीभाऊ म्हणाले, उभीच करा साहेब, उभीच चांगली दिसेल. म्हणजे ज्याने पिल्लाचे पायच शिल्लक ठेवले नाहीत, तोही उभं करा म्हणणाऱ्यांत सामील. कपाळाला हात लावायची सोय नव्हती, हाताला सरस होता.

घरी आले तर आई भिंत धरून स्वयंपाकघराकडे निघाली होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजून संपलेली आहे. डॉक्टरांनी तिला चालायला चार पायांचा वॉकर दिला आहे, त्यावर ती धुतलेले टॉवेल वाळत घालते. मी धरायला गेले की हात झटकते. दिवसभर कूर्चा, घरी आल्यावर कूर्चा. काही लोकांच्या नशिबी सोनं येतं.

जेवताना मी तिला सगळं सांगितलं.

"सांगून टाक की त्याला, नसतीच उठली म्हणून," ती म्हणाली. "तुझं काय जातंय?"

"मला माहीत नाही, आई. ती उठली असती की नसती, मला खरंच माहीत नाही."

"मग माहीत असल्यासारखं सांग."

मी म्हटलं, ते मला जमणार नाही. हाडाबद्दल मी आजवर कुणाला खोटं सांगितलेलं नाही. आई म्हणाली, हाडाबद्दल कोण विचारतंय तुला, आणि ताट उचलून, भिंत धरून, उठून गेली. आमच्या घरात शेवटचा शब्द कुणाचा हे कधीच ठरलेलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी हाडं धुऊन, वाळवून, मोठ्या टेबलावर मांडायला घेतली. आणि शिडीभाऊ दुपारचा चारा टाकून झाला की रोज हजर. मी बोलावलं नव्हतं. ते येऊन स्टूल ओढायचे आणि मदत करायचे. त्यांची मदत म्हणजे आगीतून फुफाट्यात. डावी फासळी उजव्यांत, पुढच्या पायाची टोपी मागच्या पायाशी. मी नीट लावायची, ते आपुलकीने बिघडवायचे. मध्येच एखादं हाड तळहातावर घेऊन बसून राहायचे. मानेचे मणके मांडताना मी त्यांना सांगितलं की जिराफाच्या मानेतही आपल्याइतकेच मणके असतात, फक्त लांब. ते त्यांना फार आवडलं. जो कुणी दारावरून जाईल त्याला आत बोलावून ते सांगायला लागले. माझी खोली म्हणजे चावडी झाली.

आणि दर दुपारी, निघायच्या वेळी, एकच प्रश्न. कधी कळेल? मी म्हणायची, बघू. आज सगळी हाडं लागली नाहीत, उद्या बघू. माझ्या तोंडाला 'बघू' हा शब्द कधी शोभलेला नाही, पण तो आठवडाभर मी चघळत होते. चिडचिड व्हायची ती त्यांच्यावर की स्वतःवर हेही कळेनासं झालं होतं.

एका दुपारी मी गुडघ्याची वाटी शोधत होते. पिल्लाच्या गुडघ्याच्या वाटीत हाड म्हणजे चिंचोक्याएवढी गोळी, बाकी सगळी कूर्चा. दोन्हींपैकी एक गोळी सापडत नव्हती. सगळी टाकी मी चाळणीने गाळली होती. शेवटी ती शिडीभाऊंच्या शर्टाच्या खिशात सापडली. हरवू नये म्हणून त्यांनी ती सांभाळून ठेवली होती आणि मग विसरले होते.

"आता तर सगळी झाली ना?" गोळी माझ्या हातात देत ते म्हणाले. "मग सांगा ना बाई, उठली असती का ती?"

"नाही कळणार," मी म्हटलं. "आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. जे बघून मला सांगता आलं असतं, ते सांध्यांच्या आत होतं, आणि ते तुम्ही बटण फिरवून वितळवून टाकलंत. आता मला रोज रोज विचारू नका."

त्यांच्या हातात घोट्याजवळचं एक लहान हाड होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. त्या दिवशी प्रथमच हाड योग्य जागी ठेवलं गेलं. मग स्टूल भिंतीशी लावून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. खोलीत शांतता होती, फासळ्या जिथे ठेवीन तिथेच राहत होत्या, आणि मला फार वाईट वाटत होतं. मी खरं तेच बोलले होते. पण खरं बोलल्याचं समाधान काही मिळालं नाही. उलट त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून जास्तच राग यायचा.

कामाला वेळ कमी होता, म्हणून कामाला लागले. जी कूर्चा गेली ती मी हाताने करायला घेतली. सांध्यांना मऊ चामड्याच्या चकत्या, मानेच्या मणक्यांमध्ये बुचाच्या लाकडाच्या, फासळ्यांच्या पुढच्या टोकांना वेताच्या कांड्या तासून. खांद्याच्या पात्याची वरची कड पिल्लात जवळजवळ सगळी कूर्चेचीच असते, ती जाड चामडं भिजवून, वाकवून केली. प्रत्येक पायात तारा ओवल्या. हाडाची काडं करणं म्हणतात ते मी खरोखरच केलं. साहेब रोज दारातून विचारून जायचे, उभं राहिलं का. मी म्हणायची, नाही.

पण बसवायचं कसं, हे माझं मलाच ठरेना. ते कायम निजून होतं, म्हणजे निजलेलंच दाखवायला हवं, हा माझा हेका होता. पाय दुमडून, मान जमिनीला लावून मी ते तारांनी एकदा मांडूनही बघितलं. मेलेलं पिल्लू दिसत होतं. मेलेलंच होतं ते, पण सांगाड्याकडे बघून जर एवढंच कळणार असेल, तर सांगाडा करायचा कशाला? त्याचं आयुष्य चार दिवसांचं असलं तरी त्याने त्यात काहीतरी केलं असेल. काय केलं ते एकालाच माहीत होतं, आणि त्याला मी हाकलून दिलं होतं.

शेवटी मीच जिराफांच्या घराकडे गेले. शिडीभाऊ शिडीवर होते, वर गव्हाणीत फांद्या टाकत होते. पिल्लाची आई त्यांच्या डोक्यावरून मान घालून पाला ओढत होती. मी खालून म्हटलं की मला एक विचारायचं आहे. ते उतरले, हात झटकले, आणि माझ्याकडे न बघता उभे राहिले.

"ती निजायची कशी, ते मला सांगा," मी म्हटलं. "पाय कुठे असायचे, मान कुठे असायची."

"निजायची कुठे," ते म्हणाले. "सारखी धडपडायची."

"म्हणजे कशी?"

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. हाताने हवेत काहीतरी दाखवलं, मग म्हणाले, असं सांगता नाही येणार. आणि मला मागून धावावं लागेल अशा लांब ढांगा टाकत ते माझ्या खोलीकडे निघाले.

खोलीत टेबल आणि टाकी यांच्यामध्ये थोडी फरशी मोकळी आहे. तिथे ते खाली बसले. एवढा उंच माणूस जमिनीवर बसतो तेव्हा आधी एक पाय कुठे ठेवावा, मग दुसरा कुठे, असा प्रश्न पडलेला दिसतो. गुडघे कडकड वाजले. मी म्हटलं, राहू द्या, तोंडाने सांगा. त्यांनी ऐकलं नाही. एका कुशीवर कलंडून त्यांनी हातपाय पोटाशी घेतले.

"अशी असायची. मग आधी मान मागे घ्यायची, आणि झटका देऊन पुढे टाकायची." त्यांनी स्वतःची मान तशी टाकली. "त्या झटक्यात पुढचे गुडघे टेकायचे. असे."

ते हातांच्या कोपरांवर आले. मग एक एक करून मागचे पाय त्यांनी सरळ केले आणि कंबर वर उचलली. पन्नाशी उलटलेला माणूस, खाकी पॅन्टच्या गुडघ्यांना फरशीची धूळ, डोकं खाली, पाठ वर. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते.

"इथपर्यंत यायची," खाली बघतच ते म्हणाले. "पट्टे सोडून दिले ना, तरी इथपर्यंत स्वतःची स्वतः यायची. मागचे पाय लटपटायचे, पण उचलायची. मग पुढचा डावा पाय सरळ करायला बघायची."

त्यांनी डावा हात फरशीवर पुढे टाकला आणि तसेच थांबले.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग पडायची. तेही करून दाखवू का?"

"नको," मी म्हटलं. "जरा तसेच थांबा."

मी लांब तार आणली. त्यांच्या कमरेपासून खांद्यापर्यंत पाठीचा उतार तारेने घेतला, खांद्यापासून पुढे टाकलेल्या हातापर्यंतचा घेतला, मानेचा घेतला. माणसाच्या अंगावरून जिराफाचं माप निघत नाही हे मला कळतं. पण कोन निघतो. ते हलले नाहीत. दंड थरथरायला लागले तरी हलले नाहीत. मी झालं म्हटल्यावरच खाली बसले, आणि बराच वेळ बसूनच राहिले. मी त्यांना पाणी दिलं. मी त्या दिवशी जास्तच बोलले, असंही म्हटलं. ते म्हणाले, नाही बाई, बरोबरच होतं ते, कळलं ते बरं झालं. पण त्यांना बरं झालेलं नव्हतं. ते दिसत होतं.

त्यानंतरचं काम आम्ही दोघांनी केलं. मी तारा वळायची, ते पाय धरून ठेवायचे. या कामात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. न हलता एखादी गोष्ट तासभर धरून ठेवायची त्यांना सवय होती. डाव्या-उजव्याचा घोळ त्यांनी शेवटपर्यंत घातला, आणि मी शेवटपर्यंत ओरडत राहिले.

साहेबांनी सांगाडा बघितला आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटायला घेतले. मान उंचावलेलं पिल्लू कुठे आहे? हे अर्धवट काय आहे? लोक विचारतील, हे वाकलंय कशाला? मी म्हटलं, पिल्लू एवढंच उठलं होतं, याच्यापुढचं मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. त्यांनी मला बरंच काही सुनावलं. दुसरं पिल्लू काही त्यांच्याकडे नव्हतं. शेवटी दारातली जागा एका मोठ्या मगरीला मिळाली, आणि आमचं पिल्लू आतल्या भिंतीपाशी खिडकीजवळ गेलं. माझ्या मते ती जागा चांगली आहे. तिथे उजेड बाजूने येतो.

दालन उघडल्यावर काही दिवसांनी आई म्हणाली, मला दाखव. वॉकर घेणार असशील तर नेते, असं मी सांगितलं. ती काठी घेऊन निघाली. मगरीपाशी थांबली, माकडांपाशी थांबली, प्रत्येक बाकावर बसली, आणि मी हात पुढे केला की तो बाजूला सारत होती. पिल्लापाशी पोहोचायला आम्हाला अर्धी सकाळ लागली. शिडीभाऊ तिथेच होते. स्वच्छ शर्ट घालून आले होते. रोज एकदा येऊन जातात असं दारावरच्या रखवालदाराने मला आधीच सांगितलं होतं.

आईने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि सांगाड्याकडे खूप वेळ बघितलं. पुढचे गुडघे टेकलेले, कंबर वर, डावा पाय पुढे टाकलेला.

"हे पडतंय का उठतंय?" तिने विचारलं.

तिने मला विचारलं होतं. उत्तर मला चांगलं माहीत होतं, ते म्हणजे सांगता येत नाही. पडणारं जनावर आणि उठणारं जनावर एका क्षणी अगदी एकाच जागी असतात. तेच कोन, तेच वाकणं. हाडांवरून त्यात फरक करता येत नाही, कूर्चा असती तरीही करता आला नसता. मी तोंड उघडलं.

"उठतेय, मावशी," शिडीभाऊ म्हणाले.

म्हणाले आईला, पण बघत होते माझ्याकडे. हा माणूस इतके दिवस रोज इथे येऊन याच एका गोष्टीपाशी उभा राहत होता, आणि आता मी काय म्हणते याची वाट बघत होता. आईही माझ्याकडे बघायला लागली.

"हो," मी म्हटलं. "उठतेय."

"मग उठू दे सावकाश," आई म्हणाली आणि बाकाकडे वळली.

शिडीभाऊ थोडा वेळ पिल्लापाशी उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, इतर बघ्यांसारखे. मग जिराफांना पाणी द्यायची वेळ झाली म्हणून गेले.